क्लबचे कागद कुणाच्या नावावर?

प्रश्न असा आहे: “डिचोली तालुक्यातल्या आमच्या सेवाभावी क्लबची मी १ जुलैपासून सचिव झाले. मी शाळेत शिकवते. हिशेब आणि कायदा यांचा गंध नाही. क्लब जुना आहे. रक्तदान, नेत्रतपासणी, गरजू मुलांना दप्तरे, एक रुग्णवाहिका अशी कामे चालतात. मावळत्या सचिवांनी पदग्रहणाच्या रात्री एक प्लास्टिकची पिशवी हातात दिली. तिच्यात इतिवृत्ताच्या दोन वह्या, रबरी शिक्का आणि अर्धे उरलेले पावतीपुस्तक. माझी जबाबदारी नेमकी काय, आणि चुकले तर अंगावर कुणाच्या येते? अध्यक्ष म्हणतात, काळजी करू नका, ते सगळे सीए बघतो.”

ताई, त्या वाक्यातला सीए मी. म्हणजे तुमच्या क्लबचा नव्हे, पण फोंड्यात बसून तीसेक वर्षे अशाच क्लबांचे, ग्रंथालयांचे, भजनी मंडळांचे हिशेब तपासत आलो आहे, आणि मधली तीन वर्षे स्वतः एका क्लबचा खजिनदार होतो. सीएला तेवढेच दिसते जेवढे त्याच्या टेबलावर येते. ऑगस्ट संपत आला की कुणीतरी पावत्यांचा पुडा आणून ठेवतो आणि म्हणतो, “बाब, जरा बसवून द्या.” आम्ही बसवून देतो. सभा खरेच झाली होती का, ठराव कुणी मांडला, पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकांकडे गेली का, देणगी आधी कुणाच्या खात्यात उतरली, यातले काहीच त्या पुड्यात नसते. ते सगळे सचिवाकडे असते. आयकर कायद्यात ‘प्रमुख अधिकारी’ अशी व्याख्या आहे. संस्थेच्या बाबतीत तिच्यात सचिव आणि खजिनदार हे शब्दच लिहिलेले आहेत. सीए हा शब्द शोधून सापडणार नाही.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याने सदस्यांना एक मोठा दिलासा दिलेला आहे: संस्थेविरुद्ध निकाल लागला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, सचिवाच्या घरादारातून नाही. पण ज्याने संस्थेचा पैसा खाल्ला किंवा वस्तू लंपास केली, तो सदस्य असला तरी त्याच्यावर बाहेरच्या चोरासारखाच खटला चालतो, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे संस्था वेगळी, माणूस वेगळा. माझ्या अनुभवात क्लबांच्या नव्वद टक्के कटकटी या रेषेवरच होतात, आणि त्यातल्या फार थोड्या चोरीच्या असतात. बहुतेक सोयीच्या असतात. म्हणून कुठलाही कागद हातात आला की मी एकच विचारतो: हे कुणाच्या नावावर आहे?

आधी क्लबच कुणाच्या नावावर आहे ते बघा. सभागृहाच्या भिंतीवर काचेत लावलेली सनद, म्हणजे आंतरराष्ट्रीय मुख्यालयाचे चार्टर, ही तुमची नोंदणी नव्हे. रोटरी १९०५ साली आणि लायन्स १९१७ साली शिकागोत सुरू झाली. त्यांच्या चार्टरने तुम्हाला नाव, पिन आणि घटना वापरण्याचा हक्क मिळतो. भारतीय कायद्यासमोर उभे राहायला सोसायटी निबंधकांचे प्रमाणपत्र आणि क्लबचे स्वतःचे पॅन लागते. काही क्लबांची चार्टर झोकात लावलेली असते आणि नोंदणी कधी झालेलीच नसते. काही ठिकाणी उलटे: क्लब सोसायटी म्हणून नोंदलेला, आणि देणग्यांसाठी त्याच माणसांनी केलेला एक निराळा ट्रस्ट. दोन संस्था, दोन पॅन, दोन बँक खाती, पण पावतीपुस्तक एकच! तुमच्या पिशवीतले पुस्तक कुठल्या संस्थेचे आहे ते आज रात्रीच बघा.

इथे गोव्याचा एक घोळ आहे. आपले डिस्ट्रिक्ट, म्हणजे संघटनेने क्लबांचा केलेला विभाग, राज्याच्या सीमेत बसत नाही. रोटरीच्या ३१७०मध्ये गोव्याबरोबर महाराष्ट्र आणि कर्नाटकातले क्लब आहेत. त्यामुळे प्रशिक्षणाला गेलात की कोल्हापूरचे स्नेही धर्मादाय आयुक्त आणि ‘चेंज रिपोर्ट’, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, समजावून सांगतात, आणि बेळगाव-हुबळीकडचे त्यांच्या १९६०च्या राज्य कायद्याचे नमुने पाठवतात. ते त्यांच्या घरी बरोबर आहेत. गोव्यात महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू नाही आणि धर्मादाय आयुक्तही नाहीत. देवस्थानांना १९३३चा महाजनी कायदा आहे, त्याचाही तुमच्याशी संबंध नाही. तुमचा कायदा तो १८६०चा, जेमतेम वीस कलमांचा. शनिवारी दुपारी चहा घेता घेता वाचून होईल. वाचाच, कारण त्यातली तीन-चार कलमे रोजची आहेत.

वार्षिक सर्वसाधारण सभा झाली की चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी, नावे-पत्ते-व्यवसायांसह, निबंधकांकडे द्यायची. तुमच्या नियमांत वार्षिक सभेची तरतूदच नसेल तर जानेवारीत. सगळ्यात साधे काम, आणि सगळ्यात जास्त राहून जाणारे. एका क्लबची सलग नऊ वर्षांची यादी मी एका दमात भरून दिली होती. त्यातले दोन अध्यक्ष तोवर हयात नव्हते. बँकेत सह्या बदलायला गेलात की बँक हीच यादी मागते, शिक्क्याची प्रत मागते, आणि तेव्हा धावपळ सुरू होते.

दुसरे, मतदानाचा हक्क. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर त्या सदस्याला मत नाही, आणि तो सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. निवडणूक चुरशीची झाली तर हरलेला गट पहिले हेच उकरून काढतो. म्हणून सभेच्या आधी खजिनदाराकडून थकबाकीची यादी सहीनिशी घ्या आणि वहीत लावा. कुणाला वाईट वाटेल, वाटू दे.

तिसरे, उद्देश बदलणे. व्हॉट्सअॅपवर अंगठे मोजून संस्थेचा उद्देश बदलत नाही. लेखी प्रस्ताव, दहा दिवसांची नोटीस, विशेष सभेत तीन-पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन-पंचमांश. मोठी कंपनी सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेला, पैसा देऊ करते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. उद्देशांत आरोग्य आणि शिक्षण आहे, कंपनीला तळे उपसायचे आहे, आणि सगळे म्हणतात लिहून टाका. सीएसआरसाठी शिवाय १२ए (संस्थेला करसवलत देणारी आयकर नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) आणि कंपनी निबंधकांकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो, तो वेगळाच.

इतिवृत्त मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहायच्या हट्टाने आपल्याकडे “द मीटिंग वॉज हेल्ड अँड टी वॉज सर्व्ह्ड” एवढेच लिहिले जाते. रकमेसकट ठराव, सूचक, अनुमोदक, विरोध असेल तर कुणाचा, आणि हजर असलेल्यांच्या सह्या. बँकेला किंवा खात्याला हवा तेवढा उतारा इंग्रजीत करून देता येतो. आणि एक घरगुती सूचना: वह्या लोखंडी कपाटात कापूर टाकून ठेवा आणि प्रत्येक पान मोबाईलवर स्कॅन करा. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात बुरशीने जितके ठराव खाल्ले तितके उंदरांनी खाल्ले नसतील.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. क्लबचे वर्ष १ जुलैला उगवते, सरकारचे १ एप्रिलला. तुमच्या गळ्यात कॉलर पडली त्या दिवशी चालू आर्थिक वर्षाचे तीन महिने कुणीतरी दुसऱ्याने खर्च केलेले असतात आणि आधीचे अख्खे वर्ष अजून ऑडिट व्हायचे असते. बघा कसे होते. मार्चअखेर पुस्तके बंद. ३१ मेपर्यंत ८०जीच्या देणग्यांचे विवरणपत्र, तोंडी नाव १०बीडी. ते जुन्या मंडळींनी भरायचे, पण तेव्हा ती निरोप समारंभाच्या आणि पुरस्कारांच्या घाईत असतात. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट अहवाल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्र, हे नव्यांनी भरायचे, पण नव्यांनी त्यातला एक रुपयाही खर्च केलेला नसतो, आणि पावती मागितली की मावळते खजिनदार म्हणतात, “मी सगळे देऊन टाकले ना.” जुन्यांचे संपले, नव्यांचे सुरू झाले नाही, आणि मधल्या पडवीत कागद भिजत पडतात.

१०बीडी चुकले तर रोजचे २०० रुपये शुल्क, आणि १०,००० ते १ लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षा वाईट म्हणजे देणगीदाराचा फोन. त्याने सवलत मागितलेली असते, त्याच्या पॅनसमोर तुमची नोंद नसते, आणि पुढच्या वर्षी तो माणूस दुसऱ्या क्लबकडे जातो. मागच्या ३१ मेचे गेले का, हे उद्याच बघा.

याच फटीत नोंदणीची मुदत सापडते. पूर्वी १२ए एकदा मिळाले की जन्माचे असे. २०२१पासून ते मुदतीचे झाले. त्या वर्षी पुन्हा नोंदणी केलेल्या बहुतेक संस्थांना पाच वर्षे, म्हणजे ३१ मार्च २०२६पर्यंतची मुदत मिळाली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५च्या आत करायचा होता. २०२१चे सचिव आणि २०२५चे सचिव यांच्यामध्ये तीन माणसे होऊन गेली. आठवण कुणी करायची? २०२५च्या दुरुस्तीने ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना दहा वर्षांची नोंदणी मिळण्याची सोय केली. दिलासा खरा, पण दहा वर्षांत दहा सचिव होतात. नोंदणी गेली तर नुसती सवलत जात नाही. साठलेल्या मालमत्तेच्या मूल्यावर सर्वोच्च दराने कर बसू शकतो. उशिराचा अर्ज योग्य कारण असेल तर आयुक्त माफ करू शकतात. पण “आमचे पदग्रहण होते” हे कारण त्यांच्यापुढे मांडायला मी तरी जाणार नाही. मी इथे जुने, सगळ्यांच्या तोंडी बसलेले क्रमांक वापरतोय. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा भरताना नवे बघून भरा.

उपाय फार मोठा नाही. पदग्रहणाच्या सोहळ्याआधी, एखाद्या रविवारी सकाळी, जुने आणि नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा सहा जणांनी एका टेबलाभोवती बसायचे. ३० जूनची बँक शिल्लक, रोख शिल्लक, देणी, मुदत ठेवींच्या पावत्या, वस्तूंची यादी, मुदतींची यादी, आणि खाली सहा सह्या. तुमचे जुलैत राहून गेले असेल तर आता बसा. मावळते सचिव रागावतील असे वाटते, प्रत्यक्षात ते सुटकेचा श्वास टाकतात. सही घेतली की त्यांच्याही डोक्यावरचे ओझे उतरते.

रुग्णवाहिकेचा उल्लेख तुम्ही ओघात केलात. माझी नजर तिथेच अडली. तिचे आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?

एका क्लबने लोकवर्गणीतून रुग्णवाहिका घेतली. क्लबच्या नावावर करायला ठराव, पॅन, यादी लागणार होती. यादी सहा वर्षांची थकलेली. म्हणून सोय म्हणून अध्यक्षांच्या नावावर केली, “नंतर बदलू” म्हणून. माणूस सज्जन होता, डिझेलही स्वतःच्या खिशातून घालायचा. तो अचानक गेला. आणि इथे गोव्याचे वेगळेपण आडवे आले. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे कागदावर ती गाडी अर्धी त्यांच्या पत्नीची आणि उरलेली वारसांची. एक मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. कुटुंबाला गाडी नको होती, द्यायचीच होती. पण वारसनोंद होईपर्यंत विमा संपला, फिटनेस संपला, आणि ती रुग्णवाहिका दोन पावसाळे आंब्याखाली उभी राहिली. चोर कुणीच नव्हता. जमिनीचे तर याहून अवघड: अध्यक्षांच्या नावावर घेतलेली जागा पुढे विकायची किंवा क्लबला द्यायची तर पत्नीचीही सही लागते. सभागृह कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, किंवा देवस्थानच्या जागेत असेल तर कुठल्या कागदावर ते उभे आहे तेही एकदा डोळ्यांखालून घाला; “तोंडी दिली होती” हा पुरावा देणाऱ्याबरोबरच जातो.

पैशाचे तेच. नेत्रशिबिरासाठी वर्गणी गोळा करताना खजिनदाराने स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड फिरवला, हे मी जवळपास दरवर्षी बघतो. २३ जुलै २०२१च्या पुरात डिचोली-सत्तरीची घरे पाण्यात गेली तेव्हा माणसांनी रात्रीत पैसे पाठवले, आणि ज्याचा नंबर हाताशी होता त्याच्याच खात्यात ते उतरले. हेतूबद्दल शंका नाही. पण ती रक्कम त्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात दिसते, तिथून किराणा दुकानाचे बिल फिटते, आणि क्लबच्या पुस्तकात यातले काहीच येत नाही. दोन वर्षांनी त्यालाच सिद्ध करावे लागते की हे उत्पन्न माझे नव्हे. क्लबच्या खात्याचा क्यूआर बँकेतून फुकट मिळतो. छापून पेटीवर चिकटवा. खात्यावर दोन सह्या हव्यात, आणि दोन्ही सह्या एकाच घरातल्या नकोत. हसू नका, मी पाहिले आहे.

लोकांकडून सेवेसाठी आलेला पैसा आणि सदस्यांच्या वर्गणीचा पैसा हे दोन वेगळे डबे. लायन्समध्ये तर नियमच आहे: प्रशासकीय निधी निराळा, उपक्रम निधी निराळा, आणि जनतेकडून जमवलेले जनतेकडेच गेले पाहिजे. पदग्रहणाचे जेवण, हार, बॅनर, पाहुण्यांचे हॉटेल, हे सगळे पहिल्या डब्यातून. त्या जेवणाचे बिल ३०,००० रुपयांच्या वर गेले तर केटररच्या पैशातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. नोंदणीकृत सोसायटीला यातून सूट नाही. न कापल्यास त्या खर्चातला ३० टक्के हिस्सा खर्च म्हणून धरला जात नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तोही खर्च धरत नाहीत. मंडपवाला “रोख द्या, कमी करतो” म्हणेल. त्याचे कमी होते, तुमचे वाढते.

देणगीच्या पावतीवर नाव, पत्ता, पॅन. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी लागू नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या देणगीदाराला ही सवलत मुळातच मिळत नाही. हे त्याला आधीच सांगितलेले बरे. जत्रेत ठेवलेल्या पेटीतला पैसा निनावी. निनावी देणग्या १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या तर वरच्या भागावर सरळ ३० टक्के कर. लहान क्लबला ही मर्यादा सहसा लागत नाही, पण पेटी दोघांनी मिळून उघडावी, मोजावी, आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत भरावी.

आता खास आपल्याकडची गोष्ट, जिच्यात चांगले चांगले क्लब फसतात. परदेशातून येणारा पैसा.

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि हजारोंनी ते घेतले. फक्त सासष्टी-बारदेशात नव्हे, डिचोली-फोंड्यातही. असा तुमच्या गावचा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात काम करतो, चतुर्थीला घरी येतो, माटोळी बांधायला हात लावतो, आणि जाताना क्लबला पन्नास हजार देतो. माणूस आपलाच. पण परदेशी नागरिकत्व घेतल्याक्षणी तो एफसीआरए, म्हणजे २०१०च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत झाला. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी तेच. त्याने म्हापशाच्या एटीएममधून काढलेल्या रुपयांत दिले तरी तेच. चलन बघत नाहीत, देणारा बघतात. पैशाऐवजी व्हीलचेअरी घेऊन दिल्या तरी सुटका नाही, संस्थेला मिळालेली वस्तूही त्यात येते.

उलट, मस्कतला नोकरी करणारा किंवा बोटीवरचा तारवटी, ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी अंशदान ठरत नाही. म्हणून मी क्लबांना सांगतो, परदेशात राहणाऱ्या प्रत्येक देणगीदाराकडून पासपोर्टच्या पानाची प्रत मागा. अवघडल्यासारखे होते. एका ज्येष्ठ सदस्याने मला विचारले होते, “माझ्या भाच्याकडे पासपोर्ट मागू?” होय, भाच्याकडेच मागायचा.

तुम्ही एफसीआरए नोंदणी का घेत नाही, असे कुणी विचारेल. तीन वर्षांचे अस्तित्व आणि मागच्या तीन वर्षांत समाजकार्यावर १५ लाख खर्च ही पहिली अट. दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत खाते, आणि दरवर्षीचे वेगळे विवरणपत्र. २०२० सालच्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्थाही तो पैसा घेऊन तुमच्याकडे वळवू शकत नाही. त्यामुळे स्विंडनच्या मुलाला सांगा, नोंदणी असलेली जी संस्था स्वतः काम करते तिलाच थेट दे. आणि “मग माझ्या भावाच्या नावाने पावती फाडा” यावर नाही म्हणा. हे नाही म्हणणे सचिवाचे काम, सीएचे नाही.

हितसंबंधांचा विषय नाजूक, कारण क्लबमध्ये सगळेच धंदेवाले. औषधे सदस्याच्या दुकानातून, छपाई अध्यक्षांच्या छापखान्यात, बस पास्ट प्रेसिडेंटची. घेऊ नये असे नाही. बाजारभावापेक्षा जास्त देऊ नये आणि ठरवताना तो माणूस खोलीत नसावा. आयकर कायदा पदाधिकारी आणि त्यांचे नातेवाईक यांना मिळालेला अवाजवी लाभ शोधतो, आणि सापडला तर सवलतीवर घाला येतो. तीन दरपत्रके घ्या, इतिवृत्तात “अमुक सदस्य या विषयाच्या वेळी बाहेर गेले” एवढी ओळ लिहा. आमच्या क्लबमध्ये मी हे सुरू केले तेव्हा एक जण सहा महिने माझ्याशी बोलला नाही. नंतर तोच अध्यक्ष झाला आणि स्वतः उठून बाहेर जाऊ लागला.

निधीसाठी तिकिटे विकून सोडत काढायची कल्पना येईल, बक्षीस स्कूटर वगैरे. लॉटरी चालवणे हा राज्याचा अधिकार आहे. पैसे घेऊन तिकीट आणि नशिबाने बक्षीस असा कुठलाही प्रकार जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय करू नका. मांडवीत कॅसिनो उभे आहेत म्हणून जत्रेतला तंबोला आपोआप कायदेशीर होत नाही. संगीतरजनीला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, आणि दारू ठेवणार असाल तर अबकारी खात्याचा त्या दिवसापुरता परवाना. शाळेच्या आवारात तर तो विषयच काढू नका.

शिबिरांत तुमचे काम जागा, माणसे आणि शिस्त यांचे. वैद्यकीय जबाबदारी परवानाधारकाची. रक्त घ्यायचे ते परवाना असलेल्या रक्तकेंद्रानेच, आणि कुणाचे घ्यायचे नाही ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. “आज शतक पूर्ण करायचे आहे” म्हणून त्यांच्यावर दबाव आणू नका. पैसे देऊन रक्त घेणे १ जानेवारी १९९८पासून बंद आहे, तेव्हा पत्रिकेवर ‘आकर्षक भेटवस्तू’ छापताना हात आखडता घ्या. दात्यांची माहितीही रक्तकेंद्राकडेच राहू दे. क्लबच्या ग्रुपवर कुणाचे हिमोग्लोबिन किती हे जाता कामा नये.

मुलांच्या बाबतीत तुम्ही शिक्षिका आहात, मला शिकवायची गरज नाही. तरी एवढेच: गोव्याचा स्वतःचा २००३चा बाल कायदा आहे आणि त्यावर देशाचा २०१२चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. शिबिरात किंवा सहलीत काही अघटित कळले तर पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवणे ही सक्ती आहे. “आधी बोर्डासमोर ठेवू” याला तिथे जागा नाही. आणि दप्तर घेणाऱ्या मुलाचा चेहरा दाखवून फोटो छापायची सवय मोडा. पालकांची लेखी संमती घ्या, नाहीतर पाठमोरा फोटो काढा. देणाऱ्यांचे चेहरे दिसले तरी पुष्कळ झाले.

आता या आठवड्यात काय करायचे ते. नोंदणी प्रमाणपत्र, घटना-नियमावली, पॅन, टॅन (टीडीएस भरण्यासाठीचा क्रमांक), १२ए आणि ८०जीचे आदेश, मागच्या तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रके, शेवटची भरलेली यादी, आरसी बुक, विम्याचा कागद. यातले जे पिशवीत नाही ते मावळत्या सचिवांकडे, नंतर त्यांच्या आधीच्यांकडे लेखी मागा. आणि आयकर पोर्टलवर क्लबच्या पॅनने लॉगिन करून बघा. पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल. ‘विसरलो’वर दाबलेत की ओटीपी जाईल तो शेवटी नोंदवलेल्या नंबरवर. एका क्लबचा नंबर असा निघाला की तो सदस्य चार वर्षांपूर्वी क्लब सोडून दुबईला गेलेला, आणि खात्याच्या सगळ्या नोटिसा त्याच्या ईमेलवर साठत होत्या. त्याने त्या उघडल्याही नव्हत्या, त्याला वाटले जाहिराती आहेत. क्लबच्या नावाने एक साधा ईमेल उघडा, एक सिमकार्ड क्लबच्या नावावर घ्या, आणि तो फोन कपाटात वह्यांशेजारी ठेवा. महिन्याचे रिचार्ज प्रशासकीय डब्यातून.